यास्मिनचा अर्धा दात

“आज खराटा कोणाचा?” हेरंबदादानं विचारलं, आणि आज खराटा माझा होता.

हसू नका. खराटाच. नारळाच्या हिरांचा, अंगण झाडायचा, लांब बांबूच्या टोकाला बांधलेला. आमच्याकडे एकाहून एक महागडी यंत्रं होती आणि जिवावर बेतायची वेळ आली की हातात घ्यायचा तो हा खराटा. का, ते सांगते. पण आधी आम्ही होतो कुठे ते ऐका, नाहीतर मधेच विचारत बसाल.

चार वर्षं झाली याला. देवगडच्या वरच्या अंगाला सडा आहे, नुसता उघडाबोडका कातळ, आणि त्यावर एक बंद पडलेली चिरेखाण. जांभा कापून कापून नेलेला, त्यामुळे खाली हा मोठा चौकोनी खड्डा, आणि भिंती कशा, तर खरवसाच्या वड्या कापून घ्याव्यात तशा सरळसोट. खड्ड्याच्या तळाला पत्र्याच्या छपराखाली आमचं इंजिन. वर काठावर जाड चिऱ्यांच्या भिंतीआड आमची खोली. इंजिन चालवायचं ते तिथून, खाली कुणीही नसताना.

आणि इंजिन साधं नव्हतं बरं का. नेहमीच्या रॉकेटमध्ये आत जाळ पेटलेला असतो, शेगडीसारखा. यात स्फोट. एक नळी, तिच्या आत दुसरी, मधे करंगळीएवढी फट. त्या फटीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडायचे, ठिणगी द्यायची, की स्फोट त्या फटीत गोल पळत सुटतो. जत्रेत मौत का कुवा असतो ना, आत मोटारसायकल फिरते, तसा. फक्त ही मोटारसायकल एका सेकंदात हजारो फेऱ्या मारते, आणि बिघडली तर कुवाच फुटतो.

माणसं आम्ही तीनच. हेरंबदादा, त्याची ही सगळी कल्पना. चांगली नोकरी सोडून या खड्ड्यात येऊन बसलेला, घरचे अजून त्याच्याशी नीट बोलत नव्हते. यास्मिन मुकादम, रत्नागिरीची, सगळे पाइप, सगळे व्हॉल्व्ह तिच्या हातचे. आणि मी, गडहिंग्लजची, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, आकडेमोड करणारी. आणि आमच्या पोटाची काळजी जनाकाकीला. खाण त्यांचीच होती, काका गेल्यावर बंद पडली होती. काकी रोज डबा घेऊन यायची आणि इंजिनाला “तुमचा ता भूत” म्हणायची.

तर त्या दिवशी दसरा होता.

सकाळी आम्ही आलो तर काकी आधीच येऊन बसलेली. पुढ्यात झेंडूच्या माळा, हळदकुंकवाचं तबक, आपट्याची फांदी.

“आज दसरो,” काकी म्हणाली. “हत्यारांका न्हाणी नाय, गंध नाय, तशीच कामाक लावतल्यात?”

“काकी, चाचणी आहे आज,” हेरंबदादा म्हणाला.

“मगे? चाचणी म्हणान देवाक सुट्टी?”

दादाच बादल्या भरून आणायला लागला. मग पाने, हातोड्या, शिडी, अगदी आमची हेल्मेटंसुद्धा धुऊन रांगेत मांडली. मजा आली, खोटं कशाला बोलू. यास्मिननं इंजिनाला हार घातला, चाचणीआधी काढायचा या बोलीवर, आणि काकीपुढे कपाळ करून उभी राहिली.

“मलापण लावा काकी. मीपण हत्यारच आहे.”

“तू हत्यार नाय गो, तू सुरी. नुसती जीभ,” काकी म्हणाली, पण टिकलीएवढं गंध लावलंच.

सगळ्यात जास्त लाड झाले ते खराट्याचे. खराटा म्हणजे लक्ष्मी. काकीनं त्याची जुनी माती सुटेपर्यंत तो बादलीत बुडवून ठेवला, मग झटकला, हळदकुंकू लावलं, टोकाशी झेंडूची माळ गुंडाळली आणि भिंतीच्या सावलीत उभा केला. दादानं आपट्याची पानं वाटली. “सोनं घ्या. इंजिन सोन्यासारखं चालू दे.” मी ती पानं कोटाच्या खिशात टाकली. कोट म्हणजे तो जाड सुती, आगीचा. कोकणातल्या ऑक्टोबरात तो घातला की माणूस आपोआप शिजतं. मग पुरणपोळी झाली, काकी घरी गेली, आणि उन्हं कलल्यावर आम्ही इंजिन लावलं.

आणि ते चाललं.

म्हणजे तुम्हाला कसं सांगू. आधीच्या प्रत्येक वेळी नुसता फाट्‌ करून आवाज यायचा आणि विझायचं. त्या दिवशी आवाज सुरू झाला तो थांबेचना. शिट्टीही नाही आणि किंकाळीही नाही, दातांच्या मुळाशी जाऊन बसेल असा. भिंतीतून तो माझ्या पाठीत आला. टेबलावरचं कुंकवाचं तबक थरथरत कडेला गेलं आणि पडलं. ठरवलं होतं तितका वेळ ते पूर्ण चाललं आणि आपोआप बंद झालं, आणि मग अशी शांतता की माझ्याच श्वासाचा मला राग आला.

दादा नुसता दोन्ही हातांनी डोकं धरून उभा. यास्मिननं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी टेबलावर आपटले.

“चाललं गो रेणे. चाललं ते.”

आम्ही हसत होतो, दादाच्या डोळ्यांत पाणी, आणि माझी नजर सहज काट्यावर गेली. हायड्रोजनच्या नळकांड्यांचा दाब दाखवणारा काटा. तो खाली येत होता. पळत नव्हता, सावकाश, म्हातारं माणूस जिना उतरतं तसा.

“दादा,” मी म्हटलं. “हे बंद झालंय ना?”

दादानं बघितलं. बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. काटा उतरतच होता.

“व्हॉल्व्ह अडकला,” यास्मिन म्हणाली. तिचं हसू अजून तोंडावर होतं, फक्त त्यात आता काही नव्हतं. “हादऱ्यानं अडकला असणार. आणि पुढे कुठला तरी जोड सुटलाय.”

आता इथे नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे. हायड्रोजन गळत असेल तर तो वर चढतो, आणि वर आमचं पत्र्याचं छप्पर. पत्र्याखाली साठला आणि एक ठिणगी मिळाली की छप्पर, इंजिन, शेजारची ऑक्सिजनची नळकांडी, आणि वर काठावर आम्ही, सगळं एकदम. म्हणून गळत असेल तर धावत जाऊन हातानं नळकांड्यांची मुख्य चावी बंद करायची. पण तोच हायड्रोजन सुटताना पेटलेला असेल, तर तो साठत नाही, जळून जातो. मग त्याच्या जवळही जायचं नाही. नळकांडी रिकामी होईपर्यंत भिंतीआड बसून राहायचं. दादाचं ठरलेलं वाक्य होतं, गळत असेल तर बंद करा, जळत असेल तर दूर राहा.

आणि गोम अशी, की हायड्रोजनचा जाळ उन्हात दिसत नाही. अजिबात नाही. धूर नाही, रंग नाही. लाकडाच्या जाळासारखी धगसुद्धा लांबून लागत नाही. तुम्ही सरळ चालत जाता आणि एका पावलावर आत असता.

आता कळलं खराटा कशाला? तो पुढे धरून चालायचं, वर खाली फिरवत. त्याची वाळकी टोकं पेटली की समजायचं, इथे जाळ आहे. जगात मोठमोठ्या ठिकाणी लोकांनी असंच केलेलं आहे. उष्णता दाखवणारा कॅमेरा आमच्याकडेही होता, पण त्याची वायर त्या हादऱ्यानं तुटली होती आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

तेव्हा दादानं विचारलं, “आज खराटा कोणाचा?”

“माझा,” मी म्हटलं.

“मी जातो. तू इथे थांब.”

“ऑक्सिजन कोण बघणार मग?” यास्मिन म्हणाली. “तिला ते बटणांचं माहीत नाही. आणि चावी मला सोडून कुणाला फिरत नाही, ती जाम आहे. मी आणि रेणू जातो. नेहमी ठरलंय तसं.”

दादानं गळ्यातली किल्ली काढली. इंजिन चालू करायची किल्ली एकच होती, आणि जो खाली जाईल त्याच्या गळ्यात ती जायची, म्हणजे वरून कुणी चुकूनसुद्धा इंजिन सुरू करू शकत नाही. त्यानं ती माझ्या गळ्यात घातली.

“पेटला की मागे फिरायचं. विचार करायचा नाही,” तो म्हणाला. “शपथ घे.”

“कशाची?”

“कशाचीही घे.”

सराव आम्ही किती वेळा केला होता. यास्मिन मला चिडवायची, “झाड गो झाड, पाहुणे येतील.” पण सराव वेगळा. आता उतारावरून खाली जाताना माझे पाय मला सांगून चालत नव्हते. कानांवर त्या जाड टोप्या, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त आपलं काळीज. आणि खाली पोचलो तेव्हा त्याच्याही वर एक आवाज आला. सूंऽऽ असा. टोप्यांमधून, हेल्मेटमधून. प्रेशर कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा. म्हणजे सुटत होता तो. कुठून, ते दिसत नव्हतं.

छपराखाली जायच्या आधी मी एकदा वर पत्र्याकडे बघितलं. पत्र्यावर ऊन होतं, आणि मला वाटलं, त्याच्याखाली तो आत्ता भरतोय, आपल्या डोक्यावर, आणि आपल्याला वासही येणार नाही कारण त्याला वासच नाही. मला घरी जायचं होतं. खरं सांगते, दुसरं काही नको होतं, फक्त घरी जायचं होतं, आईच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली बसायचं होतं.

यास्मिननं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. चल.

इंजिनाच्या मागे खाणीची भिंत, आणि भिंत आणि नळकांडी यांच्यामधे एक बोळ. एक माणूस जाईल एवढाच. चावी त्या बोळाच्या पार टोकाला. मी खराटा पुढे धरला. जड होता, एवढं आठवतं. वर, खाली. एक पाऊल. वर, खाली. एक पाऊल. झेंडूची माळ टोकाला हलत होती. प्रत्येक पावलाला मी डोळे बारीक करत होते, आता पेटेल, आता पेटेल म्हणून, आणि पेटावा असंही वाटत होतं, कारण पेटला की मागे पळायची परवानगी.

बोळाच्या मध्यापर्यंत आलो. मी हात पूर्ण लांब करून खराटा पुढच्या जागेत फिरवला. वरपासून खालपर्यंत. मग पुन्हा. काही नाही. हीर न हीर जशीच्या तशी.

गळत होतं. जळत नव्हतं.

मी खराटा मागे घेतला, भिंतीला पाठ चिकटवली आणि यास्मिनला अंगठा दाखवला. जा.

ती माझ्या पोटाला घासून पुढे गेली. हातात पाना, मान खाली, तिची ती नेहमीची चाल, बाजारात मासे घ्यायला निघाल्यासारखी. खराटा मी उभा धरला होता, टोक वर, आणि माझ्या हातमोज्याच्या वर, मनगटावर, एक थेंब पडला.

मी हात झटकला. चटका बसला होता.

बघितलं तर थेंब पिवळा. हळदीचा. बांबूवरून आणखी एक ओघळ खाली येत होता, आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडे बघत राहिले. पाणी. खराट्यात पाणी कुठून? आणि मग दुसरा विचार आला, तो आधी यायला हवा होता: सावलीत उभ्या केलेल्या खराट्यातलं पाणी गरम कसं?

वर बघितलं. टोकाकडून वाफ निघत होती. बारीकशी, भाताच्या झाकणाखालून निघते तेवढी. आणि झेंडूची माळ एका बाजूनं पिवळी होती, दुसऱ्या बाजूनं शिजून काळपट, मरगळलेली.

ओला खराटा पेटत नाही. ओला खराटा शिजतो.

मी ओरडले. यास्मिन म्हणून ओरडले, पण तिच्या कानांवर टोप्या, माझ्या कानांवर टोप्या, आणि मधे तो सूंऽऽ. मला माझा आवाज घशात नुसता जाणवला. ती दोन पावलं पुढे होती. खराट्याचं टोक मघाशी जिथे पोचलं होतं तिथे ती पोचतच होती. हातानं तिला धरता येणार नव्हतं.

मी खराटा तिच्या पायांत घातला आणि सगळ्या जोरानं ओढला.

ती तोंडावर पडली. हात पुढे करायलाही वेळ मिळाला नाही तिला, हेल्मेट आणि हनुवटी सरळ कातळावर. पाना उडाला. आणि पडताना तिच्या हेल्मेटची पुढची काच, वरच्या कडेनं, माझ्या डोळ्यांसमोर दुमडली. पापड विस्तवावर धरावा तशी. कुणीही न धरता.

म्हणजे जाळ तिथेच होता. तिच्या अंगावरून, छातीच्या उंचीवर, बोळ भरून आडवा. आणि ती त्याच्या खाली पडली होती, आणि तिला माहीत नव्हतं, आणि ती उठायला लागली.

तिची बाजू समजून घ्या. तिला वाटलं मी घाबरून पडले, किंवा वेडी झाले. तिनं हात टेकले, गुडघा घेतला. मी खराटा टाकला आणि तिच्या पाठीवर झेप घेतली. शब्दशः. पोटावर पडले तिच्या पाठीवर आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी खाली दाबलं. ती माझ्यापेक्षा दणकट आहे, तुम्ही बघितलंय तिला. तिनं मला कोपर मारलं, बरगडीत. पुन्हा मारलं. मी दाबून धरलं होतं आणि रडत होते आणि माझ्या पाठीच्या वर, किती वर कोण जाणे, तो होता. मला तो दिसत नव्हता. माझी पाठ त्याला शोधत होती. माझ्या पाठीला तेव्हा डोळे फुटले असते तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

ती उताणी व्हायला बघत होती. एकदा उताणी होऊन उठून बसली की संपलं. तिला सांगायचं कसं? हात सोडला तर ती उठते.

मग मला खिसा आठवला.

एका हातानं तिची मान दाबून मी दुसऱ्या हातानं खिशातली आपट्याची पानं काढली, होती नव्हती तेवढी, मूठभर, तिच्या तोंडासमोर धरली, तिला दिसतील अशी, आणि वर फेकली.

पानं वर गेली. हिरवी होती. आणि वर, मोकळ्या हवेत, जिथे काहीही नव्हतं, ती एकदम आक्रसली. काळी पडली. कडांना लाल ठिणग्या आल्या, आणि आमच्या हेल्मेटांवर काळा चुरा पडला.

यास्मिन थांबली.

तिचं अंग माझ्याखाली असं गार, ढिलं झालं की मला क्षणभर वाटलं, गेली. मग तिच्या हातानं माझं मनगट धरलं. आम्ही तशाच, एकमेकींना धरून, पोटावर, मागे मागे सरकत निघालो. गोगलगायी. डोकं वर करायची हिंमत नाही. बोळ संपला तरी नाही, छप्पर संपलं तरी नाही. उघड्या आकाशाखाली आलो तेव्हाही आम्ही कातळावर सरपटत होतो, आणि दादा वरून धावत येऊन आम्हाला उठवायला लागला तर यास्मिननं त्यालाच पाय धरून खाली ओढलं.

वर भिंतीआड आल्यावर तिनं हेल्मेट काढलं. तोंड रक्तानं भरलेलं. ती थुंकली, आणि रक्ताबरोबर दाताचा तुकडा पडला.

“जळतंय,” ती दादाला म्हणाली. “आडवं. बोळात.”

“पण खराटा?” दादा म्हणाला.

मी मनगट पुढे केलं. पिवळा डाग, मधे फोड आलेला. “ओला होता,” मी म्हटलं. “दादा, आपण त्याला आंघोळ घातली.”

दादा खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, तरी बसला.

मग करायचं काही नव्हतं. जळत असेल तर दूर राहा. आम्ही भिंतीआड बसून तो काटा उतरताना बघत राहिलो. यास्मिनच्या ओठावर ओला रुमाल, माझा हात तिच्या हातात. तिनं तो धरला होता का मी, माहीत नाही. मधेच तिनं विचारलं, “कोपर लागलं का गो?” मी म्हटलं, “नाही.” दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा बरगडीला चीर निघाली.

ऊन उतरलं. काकी चहाची किटली घेऊन आली, दसऱ्याच्या नव्या लुगड्यात, आणि आमची तोंडं बघून तिनं किटली तशीच हातात धरून ठेवली. तोवर सूर्य खाली गेला होता. खाणीत अंधारायला आधी लागतं, भिंती उंच ना.

“दादा,” यास्मिन म्हणाली. “खाली बघ.”

चिऱ्यांच्या भिंतीत बघायची एक फट होती. आम्ही चौघं तिथे डोकी लावून उभे राहिलो.

तो दिसायला लागला होता. आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय. मग जसजसा काळोख दाटत गेला तसतसा तो उजळत गेला, फिकट निळा, आणि खाऱ्या वाऱ्यामुळे मधून मधून केशरी. एका जोडातून निघून सरळ आडवा, भाल्यासारखा, बोळ ओलांडून समोरच्या भिंतीवर आपटत होता. आणि भिंतीवर, जिथे तो लागत होता तिथे, जांभा काळा ठिक्कर पडला होता. त्याच्या खाली आमचा खराटा पडला होता. माळेसकट.

“हो जाळ मगाशी खंय होतो?” काकीनं विचारलं.

“इथेच होता, काकी,” दादा म्हणाला.

काकीला कळायला वेळ लागला. मग तिनं खराट्याकडे बघितलं, मग यास्मिनच्या तोंडाकडे.

“मिया बुडवन ठेवलेलंय तो,” ती हळूच म्हणाली.

“बादली मी भरून दिली,” दादा म्हणाला. “आणि दुपारी मीच म्हटलं, आज कसं सगळं चकचकीत दिसतंय.”

काकी पदरानं यास्मिनच्या हनुवटीवरचं रक्त पुसत राहिली, ते कधीच वाळलं होतं तरी.

यास्मिन फटीतून हलली नव्हती. “मी कुठे होते गो?” तिनं मला विचारलं.

मी बोट दाखवलं. जाळाच्या अलीकडे, एक वीत.

“आणि तू?”

“तुझ्या मागे.”

“हां,” ती म्हणाली. बराच वेळ ती त्या वीतभर जागेकडे बघत होती.

नंतर आम्ही सगळं बदललं. चावी बोळाच्या बाहेर आली, कॅमेरे दोन झाले, वायरी जमिनीखालून गेल्या. खराटा मात्र दादानं काढला नाही. दसऱ्याला त्याची पूजा अजून होते, कोरड्या अक्षतांनी. आणि काकी तो आमच्या हातात देण्याआधी एक हीर मोडते, चुलीत धरते, भुर्रकन पेटली की मगच देते.

आणि आता तुम्ही मघाशी जे विचारत होतात, यास्मिन तिकडे गेली तेव्हा कुजबुजत, की एवढी चांगली मुलगी, महिन्यावर निकाह आलाय, तो पुढचा अर्धा दात का बसवून घेत नाही. मीही विचारलं होतं. तिच्या अम्मीनं तर रडून विचारलं. दाताच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते तिला. ती खुर्चीत बसली, तोंड उघडलं, आणि त्यानं साचा हातात घेतल्याबरोबर उठून बाहेर आली.

“का गं?” मी म्हटलं.

“जीभ लागते तिथे,” ती म्हणाली. “दिवसातनं चार-पाचदा. लागू दे.”